आमची वाटचाल : ८५ ते ८९ मिलिमीटर

होंडाची टीआरएक्स ४०० ईएक्स ही स्पोर्ट एटीव्ही, म्हणजे वाळूत-मातीत पळवायची चारचाकी उघडी गाडी, १९९९ साली आली आणि त्यानंतर थोड्याच काळात मी आणि माझ्या तेव्हाच्या भागीदाराने स्पोर्ट एटीव्हीच्या इंजिनांचे काम सुरू केले. त्याच्याकडे सिलिंडर आतून कापून रुंद करणारे उभे बोअरिंग मशीन होते, माझ्याकडे मोजमापाची हत्यारे होती, आणि कामाची वाटणीही तशीच ठरली : त्याने कापायचे, मी मोजायचे. ४०० ईएक्सचे सिलिंडर आमच्यासारख्यांसाठीच घडवल्यासारखे होते. ८५ मिलिमीटर बोअर (आतला व्यास), ७० मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव), आत लोखंडी लायनर म्हणजे अस्तराची नळी, आणि इंजीन हवेवर व ऑइलवर थंड होणारे. बोअर ८९ केला की ३९७ सीसीचे ४३५ सीसी होतात, मोठ्या पिस्टनच्या किटच्या पेटीवर मात्र ४४० असा गोल आकडा छापलेला असतो. गिऱ्हाईक पेटीवरचा आकडा वाचते, आणि आतला कागद वाचणे हे आमचे काम असते. तो कागद आम्ही एकदा वाचला नाही, आणि त्यामुळे ही कार्यशाळा बंद पडायची वेळ आली होती.

पहिली काही वर्षे चांगली गेली आणि त्यांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही.

तोवर आम्ही बहुतेक इंजिनांत कास्ट, म्हणजे ओतीव, पिस्टन बसवत होतो. कास्ट पिस्टन तापल्यावर फारसा फुगत नाही, म्हणून पिस्टन आणि लायनर यांच्यामध्ये ०.०३ मिलिमीटर फट ठेवली तरी चालते, आणि हे माप आमच्या दोघांच्याही हातात इतके मुरलेले होते की ते कोणी कोणाला सांगत नसे. मग एका हंगामात प्रथमच आम्ही एकदम ११ इंजिनांसाठी फोर्ज्ड पिस्टनची किट मागवली. फोर्ज्ड, म्हणजे दाबून घडवलेला, पिस्टन मजबूत असतो, पण त्याच्या २६१८ या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूत सिलिकॉन अगदी कमी असल्यामुळे तो अधिक फुगतो, आणि त्याला फटही अधिक लागते. पेटीतल्या कागदावर ०.०७ मिलिमीटर असे स्वच्छ छापलेले होते. भागीदाराने पेट्या उघडल्या, पिस्टन काढले आणि सवयीप्रमाणे कापले. मी प्रत्येक सिलिंडर तीन उंचींवर आणि दोन दिशांनी बोअर गेजने मोजले, गोलाई उत्तम होती, उतार नव्हता, फट सगळीकडे ०.०३ भरली, आणि मी समाधानाने सही केली. माझे मोजमाप अचूक होते, पण ज्या आकड्याशी मी ते ताडून पाहिले तो आकडाच चुकीचा होता.

सर्वांत आधी परत आले ते सर. ते भौतिकशास्त्र शिकवत, त्यामुळे सगळेच त्यांना सर म्हणत. प्रत्येक फेरीनंतर इंजिनाचे तास, भरलेले इंधन, मेन जेटचा (कार्बुरेटरमधल्या इंधनाच्या छिद्राचा) क्रमांक आणि प्लगचा रंग ते वहीत लिहून ठेवत. ते म्हणाले, "थंड इंजीन सुरू केले, दोन मिनिटेही झाली नसतील, चढावर थ्रॉटल दिला आणि मागची चाके जागच्या जागी अडकली." मी हेड, म्हणजे सिलिंडरवरचे झाकण, उतरवले आणि सिलिंडर वर ओढले. पिस्टनच्या अंगावर गजनपिनच्या (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनच्या) दोन्ही बाजूंना, चार कोपऱ्यांवर चार उभे ओरखडे होते, आणि लायनरवर त्याच जागी ॲल्युमिनियम चांदीच्या वर्खासारखे चिकटलेले होते. माथा स्वच्छ होता, ऑइल भरपूर होते, मिश्रण लीन (इंधन कमी, हवा जास्त) असल्याची एकही खूण नव्हती. चार कोपऱ्यांच्या या खुणा फट कमी पडल्याचीच साक्ष देतात : पिस्टन आधी तापून फुगतो, लायनर अजून गार असतो आणि पिस्टनला जागा उरत नाही. मी टेबलाच्या खणातून पेटीतला कागद शोधून काढला आणि सरांच्या समोरच वाचला. त्या महिनाभरात आणखी तीन इंजिने तशीच आली.

मी उरलेल्या सातही गिऱ्हाइकांना गाडी सुरू करू नका असे कळवले आणि अकराच्या अकरा सिलिंडर स्वखर्चाने दुरुस्त करायचे ठरवले. भागीदार म्हणाला, "मोजायचे काम तुझे होते, तेव्हा भरपाईही तुझी." पेट्या त्याने उघडल्या होत्या, कागद त्याच्या हातांतून गेला होता, आणि तरीही मी अर्धी चूक माझी मानायला तयार होतो, पण त्याने त्याच्या अर्ध्याचा भार उचलला नाही. पाच सिलिंडर मशीनजवळ उघडी पडलेली असताना तो मशीन घेऊन गेला. पुढे त्याने स्वतःची कार्यशाळा थाटली आणि आमच्याकडची इंजिने जाम होतात असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत राहिला. ती इंजिने कापली कोणी, हे त्याने कधीच सांगितले नाही. या गोष्टीला आता बराच काळ लोटला आहे, परंतु तिचा सल माझ्या मनातून गेलेला नाही आणि तो गेला आहे असे मी येथे लिहिणार नाही.

त्यानंतरचे आठ महिने काम जवळजवळ नव्हते. बोअरिंग बाहेर करून घ्यावे लागे, आणि बाहेरचा कारागीर टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड पट्टी) न लावता होनिंग (बोअरची शेवटची घासाई) करत असे, म्हणजे हेडचे बोल्ट आवळल्यावर सिलिंडर जे किंचित वाकते त्याचा विचारच नसे. मी प्लेट स्वतः तयार करून घेतली आणि प्रत्येक सिलिंडरबरोबर त्याच्याकडे घेऊन जाऊ लागलो. त्या काळात पहिले काम दिले ते सरांनीच. ज्या माणसाचे इंजीन आमच्या हातून जाम झाले होते, त्याने तेच सिलिंडर पुन्हा आमच्यापुढे ठेवले आणि सांगितले, "या वेळी फट मोजताना मला शेजारी उभे राहू द्या." नवा लायनर घालायचा होता. सिलिंडर भट्टीत तापवले, लायनर रात्रभर गोठवून ठेवला होता, आणि तो हाताने सोडताच ठोका न मारता तळापर्यंत गेला. मग बोअर, मग ४५ अंशांची जाळी पडेल असे होनिंग, आणि शेवटी बोअर गेजचा काटा सरांनी स्वतः वाचून वहीत ०.०७ असे लिहिले. ते इंजीन नीट चालले, त्यांच्या ओळखीतली आणखी दोन इंजिने आली, आणि दार उघडे राहिले.

तेव्हापासून किट निवडताना आम्ही बोअरच्या आकड्यापासून सुरुवात करत नाही. जे नव्याने या कामात पडत आहेत त्यांनीही करू नये, असे मी आवर्जून सांगेन. आधी लायनर पाहावा. ४०० ईएक्सला ८७ पुरते की ८९ हवे, हे वाहन कोठे चालणार यावर ठरवावे, आणि ८९ ठरले तर मूळ लायनरच्या उरलेल्या पातळ भिंतीवर विसंबून राहू नये, नवा जाड लायनर घालावा. सुझुकी एलटीझेड ४०० किंवा यामाहा रॅप्टर ७०० यांच्या सिलिंडरला आत लेप असतो. तेथे बोअर मारला की लेप जातो, म्हणून कापून पुन्हा लेप द्यावा लागतो किंवा किटबरोबर नवे सिलिंडर घ्यावे लागते, आणि मूळ सिलिंडर जपून ठेवता येते हा नव्या सिलिंडरचा मोठा फायदा आहे.

दुसरे म्हणजे कॉम्प्रेशन, मिश्रण किती पट दाबले जाते ते. ४०० ईएक्सचे मूळ कॉम्प्रेशन ९.१ आहे, म्हणजे ज्वलनकक्ष सुमारे ४९ सीसीचा. पिस्टनचा माथा मुळीच उंच न करता केवळ बोअर ८९ केला तरी ते ९.८च्या आसपास जाते, कारण कक्ष जवळपास तेवढाच राहतो आणि त्यात अधिक मिश्रण दाबले जाते. हे न समजता वरून उंच माथ्याचा पिस्टन घालणारे लोक हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाला नेहमीच्या इंधनावर ठोके (मिश्रण अवेळी पेटल्याचे) मारायला लावतात. आम्ही प्रत्येक हेड ब्युरेटने मोजतो. हेड उलटे ठेवून त्यावर छिद्र पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी ग्रीसने बसवायची, रंगीत स्पिरिट थेंबाथेंबाने सोडायचे, आणि पट्टीखालचा शेवटचा बुडबुडा छिद्रातून निघून जाईपर्यंत घाई करायची नाही. या कामाला पाऊण तास लागतो, आणि तो पाऊण तास मला आजही दिवसातला सर्वांत आवडता वाटतो.

बोअर वाढला की पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ वाढते, ८५ वरून ८९ वर जाताना साडेनऊ टक्क्यांहून अधिक, आणि तेवढ्याच प्रमाणात हेड वर उचलू पाहणारा जोर वाढतो, तर हेड गॅस्केटला बसायला मिळणारी जागा मात्र कमी होते. म्हणून जुने स्टड (हेड धरून ठेवणारे दांडे) ताणले गेले आहेत का ते पाहावे आणि बोल्ट आडव्यातिडव्या क्रमाने टप्प्याटप्प्याने आवळावेत. रिंग पेटीतून काढून तशीच बसवू नये. ती बोअरमध्ये पिस्टनने सरळ ढकलून फिलर गेजने तोंडाची फट मोजावी. ८९च्या बोअरला ०.३५ मिलिमीटरच्या आसपास येते, आणि कागद वेगळे सांगत असेल तर कागदाचे ऐकावे. एअरबॉक्सचे झाकण काढून आणि सायलेन्सर बदलून जेट मात्र जुनेच ठेवणाऱ्या गिऱ्हाइकाला आम्ही इंजीन देत नाही. कोणी रागावले तरी चालेल.

यामाहाने २००६ साली रॅप्टर ७०० आणली तेव्हा आमच्या माजी भागीदाराला जणू पर्वणीच मिळाली. ८४ मिलिमीटर स्ट्रोकवर मूळ १०२ मिलिमीटर बोअरचे ६८६ सीसी होतात, १०५.५ केल्यास ७३४ होतात आणि १०८ केल्यास ७६९. पहिल्या बदलात क्रँककेसला (इंजिनाच्या खालच्या पेटीला) हात लावावा लागत नाही. १०८ साठी इंजीन पूर्ण उघडून क्रँककेसचे तोंड कापावे लागते, आणि एकदा कापलेले तोंड पुन्हा लहान होत नाही. शर्यतीत अधूनमधून इंजीन उघडणाऱ्याला १०८ शोभते. आठवड्यातून एकदा वाळूत जाणाऱ्याला १०५.५, साजेसा कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा), इंधन नियंत्रकाची योग्य मांडणी आणि दणकट क्लच स्प्रिंग एवढ्याने जे मिळते ते अधिक टिकते. त्याने मात्र येईल त्याला १०८ विकले, आमची गिऱ्हाइके एकामागून एक त्याच्याकडे गेली, आणि आम्ही भित्रे आहोत असे बोलले जाऊ लागले. त्यांतली काही इंजिने नंतर आमच्याकडे आली. एकाचे क्रँककेस इतके ओबडधोबड कापलेले होते की कापलेल्या कडेवरचे धातूचे कण ऑइलमधून फिरून क्रँकच्या बेअरिंगपर्यंत पोहोचले होते. मी त्या गिऱ्हाइकाला कापणाऱ्याविषयी एक शब्दही बोललो नाही, फक्त गाळणीत सापडलेले कण कागदावर ठेवून दाखवले.

आज आमच्याकडे स्वतःचे बोअरिंग मशीन आहे, माझी मुलगी होनिंग करते, आणि प्रत्येक पेटीतला कागद सिलिंडरला बांधूनच मशीनवर जातो. सरांच्या ४०० ईएक्सचे सिलिंडर या आठवड्यात तिसऱ्यांदा टेबलावर आले आहे. त्या ८९ मिलिमीटरच्या लायनरची झीज आता मापाबाहेर गेली आहे. आणखी मोठा बोअर करायचा का, असे मी विचारले तेव्हा सरांनी वही उघडून जुना आकडा दाखवला आणि नवा लायनर त्याच मापाचा घालायला सांगितले. लायनर कालपासून गोठवून ठेवला आहे, भट्टी सकाळी पेटवायची आहे आणि सर नऊ वाजता येणार आहेत.