मत माझं, बटण मीच दाबणार

नोव्हेंबर 2024 च्या विधानसभेआधी बीएलओ ताई, म्हणजे आमच्या भागाची मतदार यादी सांभाळणाऱ्या अधिकारी, 12 डी अर्ज घेऊन घरी आल्या. 40 टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्व असेल तर घरून मतदान करता येतं. "कशाला त्रास घेता ताई? माणसं येतील, सीलबंद पाकीट घेऊन जातील," त्या म्हणाल्या. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी ही सोय फार मोलाची आहे. पण घरून मतदान मंजूर झालं की केंद्रावर मत देता येत नाही, आणि मला केंद्रावरच जायचं होतं. पोलिओमुळे मी लहानपणापासून व्हीलचेअरवर आहे. मतदार म्हणून आम्ही कुणाला दिसलोच नाही, तर रॅम्प मागायचा कुठल्या तोंडाने?

फॉर्म 8 भरून मतदार यादीत दिव्यांग म्हणून नोंद आधीच करून घेतली होती. मतदानाआधी भावाला घेऊन शाळेतलं केंद्र बघून आले. रॅम्प होता, पण खोलीच्या दाराशी चार बोटं उंच उंबरा. त्याचा फोटो ताईंना पाठवला आणि मतदानाच्या दिवशी तिथे फळी टाकलेली होती. ताईंचे मनापासून आभार.

खरी अडचण आत गेल्यावर आली. शाई लावून झाली तसे एक कर्मचारी भावाला म्हणाले, "तुम्ही जा सोबत, बटण दाबून द्या." निवडणुकीच्या नियम 49 एन मधला सोबती ज्याला चिन्ह ओळखता येत नाही किंवा बटण दाबता येत नाही त्याच्यासाठी असतो. माझे हात धड आहेत. केंद्राध्यक्षांना सांगितलं, "मी एकटीच जाणार." त्यांनी ऐकलं.

पण खुर्ची टेबलाखाली शिरेना आणि वरच्या बटणांपर्यंत हात पोचेना. मी पुन्हा आवाज दिला. उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर त्यांनी मशीन टेबलाच्या कडेपर्यंत पुढे ओढून घेतलं. बटण दाबलं. मत कुणाला गेलं ते दाखवणारी व्हीव्हीपॅट यंत्रातली चिठ्ठी सातच सेकंद दिसते. दोन्ही हातांवर जोर देऊन अंग उचललं, तेव्हा कुठे काचेतलं चिन्ह दिसलं.

नंतर निवडणूक कार्यालयात अर्ज दिला: प्रत्येक केंद्रावर एक बुटकं टेबल ठेवा आणि सोबती कुणाला लागतो हे कर्मचाऱ्यांना प्रशिक्षणातच शिकवा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम 11 त्यात लिहिलं. सगळी मतदान केंद्रं आम्हाला वापरता येतील अशी ठेवणं ही निवडणूक आयोगाची जबाबदारी आहे, असं ते सांगतं. तुम्हालाही अशी अडचण आली असेल तर लेखी द्या, आणि अर्जाची पोच घ्या.