तुम्ही विचारलंत म्हणून: सपोर्टला मराठीत काय म्हणायचं?

सोलापूरच्या नवी पेठेत माझं टायपिंग आणि भाषांतराचं छोटं दुकान आहे. आठवड्यातून एकदा तरी कुणी विचारतंच, "सर, सपोर्टला मराठीत एक शब्द सांगा की." एक शब्द नाही, हे उत्तर कुणालाच पटत नाही.

मध्यंतरी एक दुकानदार पत्रक घेऊन आले. गुडघ्याला बांधायच्या पट्ट्याची जाहिरात, मशीनकडून मराठी करून घेतलेली: 'उत्तम गुडघा समर्थन'. मी म्हटलं, "गुडघ्यानं कुठला ठराव मांडलाय?" समर्थन तोंडानं करतात, गुडघ्याला लागतो तो आधार. दोन हजार पत्रकं छापून झाली होती, त्यामुळे ते काही हसले नाहीत.

मराठीला आधी कळावं लागतं, मदत करणारा उभा कुठं आहे. मागं असेल तर पाठिंबा, पाठबळ. खाली असेल तर आधार, टेकू. शेजारी असेल तर साथ. कामात हात घातला तर हातभार. खांदाही देता येतो, पण तो शब्द जरा जपून. इंग्रजी असल्या चौकशा करत नाही. खरं तर सपोर्टच्या मुळातही जागा ठरलेली आहे: लॅटिनमधलं 'सब' म्हणजे खालून आणि 'पोर्तारे' म्हणजे वाहणं. स्टेशनावरचा पोर्टर त्याच घरातला. फ्रेंचांकडे तर याच शब्दाला सोसणं असाही अर्थ आहे.

हे खालून वाहणं बघायचं असेल तर संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेत या. बाराबंदी घातलेले मानकरी सात उंच, जड नंदीध्वज घेऊन निघतात. नंदीध्वजाला 'आधार दिला' असं इथं कुणी म्हणणार नाही. तो पेलतात. एवढा नेमका शब्द असताना आपण "फोन ॲपला सपोर्ट करत नाही" इथवर आलो. तिथं मी सरळ 'चालत नाही' लिहितो.

खरा वाद होतो तो मार्केट यार्डातून येणाऱ्यांशी. मिनिमम सपोर्ट प्राइसचं सरकारी मराठी 'किमान आधारभूत किंमत'. शेतकरी म्हणतो हमीभाव. आधार म्हणजे टेकू, हमी म्हणजे दिलेला शब्द. केंद्र सरकार 22 पिकांचा असा भाव जाहीर करतं, उसाचा एफआरपी, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दर, वेगळा. जाहीर झाला म्हणून सगळा माल त्याच भावानं उचलला जातो असं नाही, आणि तरी नाव हमी! कांदा तर त्या यादीतच नाही, आणि आमच्या यार्डात गाड्यांच्या गाड्या उतरतो तो कांदाच.

परवा एकजण कांदाही त्या यादीत घ्या, अशा मागणीचा अर्ज टाइप करून घ्यायला आले. मी विचारलं, "काका, आधारभूत किंमत लिहू का? सरकारी शब्द आहे."

"आधार आहे की माझ्याकडं," खिशातलं कार्ड दाखवत ते म्हणाले. "तुम्ही हमी लिवा."