लंडनचा शेवटचा दिवस: बाबासाहेबांचं घर, ब्रिटिश म्युझियम आणि मग विमान

शेवटच्या दिवसाचा हिशोब विमानापासून उलटा मांडा. विमान रात्री साडेनऊचं असेल तर साडेसहाला हीथ्रोवर पोचायला हवं. ट्यूबला, म्हणजे तिथल्या मेट्रोला, तासभर लागतो; जिने-लिफ्ट आणि टर्मिनल शोधण्यात आणखी अर्धा तास जातो. म्हणजे पाचला हॉटेल सोडायचं. मधल्या वेळात दोनच ठिकाणं नीट पाहून होतात. दीक्षाभूमीला दरवर्षी जाणाऱ्या आपल्याकडच्या माणसांसाठी ती दोन कोणती, हे वेगळं सांगायला नको. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब १०, किंग हेन्रीज रोडवर राहत होते आणि वाचायला ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात जात होते.

खोली सोडताना बॅगा हॉटेलातच ठेवून टोकन घ्या. म्युझियममध्ये चाकांची बॅग आत नेऊ देत नाहीत, छोटी असली तरी. तिथून परत फिरावं लागलं की दिवस गेलाच.

मुक्काम युस्टन किंवा किंग्ज क्रॉसच्या आसपास असेल तर युस्टनहून नॉर्दर्न लाइन घ्या. पाटीवर 'एजवेअर' लिहिलेलीच गाडी पकडा. बाबासाहेबांच्या घरासाठी चॉक फार्मला उतरा. 'हाय बार्नेट'च्या गाडीत बसलात तर कॅम्डेन टाउनला उतरून बदला. स्टेशनच्या गेटवर टेकवायचं कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं, एका कार्डावर नवरा-बायको दोघं जात नाहीत. आत जाताना जे कार्ड टेकवलं तेच बाहेर पडताना टेकवा. आत कार्ड आणि बाहेर मोबाइल असं केलं तर मशीन ते दोन अर्धवट प्रवास धरतं आणि दोन्हीचे जास्त पैसे कापतं.

स्टेशनातून बाहेर पडून रेल्वेवरचा पूल ओलांडला की घर थोड्याच अंतरावर आहे. महाराष्ट्र शासनाने ते २०१५ मध्ये घेतलं. उघडायची वेळ आदल्या दिवशी बघून ठेवा. उशिराची असली तर आधी म्युझियम करा. आजूबाजूला लोक राहतात आणि तिथे स्मारक करण्यावरून पूर्वी वाद झालेला आहे. म्हणून गट मोठा असला तरी फुटपाथ अडवू नका, घोषणा देऊ नका. शांतपणे दर्शन घ्या, आत वेळ द्या.

परतताना 'व्हाया चेरिंग क्रॉस' गाडीच हवी, 'व्हाया बँक' नको. सहावं स्टेशन टॉटनहॅम कोर्ट रोड, तिथून म्युझियम पाच-सात मिनिटं पायी. प्रवेश फुकट आहे, तरी वेळेचं तिकीट ऑनलाइन काढून ठेवा. रोज १० ते ५, शुक्रवारी साडेआठपर्यंत. पुढच्या दाराला रांग मोठी असली तर मागचं, मॉंटेग्यू प्लेसचं दार बघा.

मधल्या चौकातली गोल इमारत म्हणजे जुनी रीडिंग रूम. तिथे क्षणभर थांबा, मग दालन ३३ आणि त्याला लागून असलेलं ३३ए गाठा. ३३ए मध्ये अमरावतीचे दगड आहेत. ही आपली अमरावती नव्हे, आंध्रातली, कृष्णाकाठची. यातली दोन्ही बाजूंनी कोरलेली चुनखडीची एक शिळा शोधाच. जुन्या बाजूला बुद्ध माणसाच्या रूपात नाहीच. बोधिवृक्ष, खाली रिकामं आसन आणि पावलं. पुढे तिसऱ्या शतकाच्या सुमारास तीच शिळा फिरवून दुसऱ्या बाजूला अख्खा स्तूप कोरला. आपल्या भंडारा जिल्ह्यातल्या पवनीच्या जगन्नाथ टेकडीचा स्तूप उभा असताना कसा दिसत असेल, ते इथे कळतं. या एका दालनाला तास द्या.

तीन लिप्यांत कोरलेल्या, इजिप्तच्या प्रसिद्ध रोझेटा शिळेभोवती खूप गर्दी असते. दालन १ मध्ये तिची प्रतिकृती आहे, तिला हातही लावता येतो. पोरांना तिथेच न्या. ममी वेळ उरला तर. शिदोरी खायला रसेल स्क्वेअरची बाग जवळ आहे.

बॅगा घेऊन ट्यूब किंग्ज क्रॉसहून धरा. तिथे फलाटापर्यंत लिफ्ट आहे. रसेल स्क्वेअरला लिफ्टनंतरही पायऱ्या लागतात. पिकॅडिली लाइन थेट हीथ्रोला जाते, पण टर्मिनल ४ आणि ५ च्या गाड्या वेगळ्या. तिकिटावरचं टर्मिनल बघूनच चढा. गाडीत शौचालय नसतं, म्हाताऱ्या माणसांना आधीच सांगून ठेवा. एलिझाबेथ लाइन लवकर पोचवते, पण भाडं दुपटीहून जास्त आहे. खरेदीवरचा कर पर्यटकांना परत मिळणं २०२१ पासून बंद झालंय, त्या खिडकीच्या शोधात वेळ घालवू नका. पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा.

मुंबईमार्गे नागपूर असेल तर साधारणपणे मुंबईत बॅग उचलून, कस्टम पार करून पुन्हा जमा करावी लागते. तिथे दोन विमानांत चार तास तरी ठेवा.