मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून शस्त्रक्रिया आणि घरी परतल्यानंतरचे दिवस

मोठ्या आतड्यात किंवा गुदाशयात (त्याच्या शेवटच्या, गुदद्वाराजवळच्या भागात) कर्करोगाची गाठ असल्याचे निदान घेऊन रुग्ण माझ्या कोथरूडच्या दवाखान्यात येतो, तेव्हा फाइल टेबलावर ठेवतानाच सोबतच्या नातेवाइकांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "मॅडम, ऑपरेशन दुर्बिणीतून होईल ना? पोट फाडावं लागणार नाही ना?" मी शल्यचिकित्सक नाही, फॅमिली डॉक्टर आहे. शस्त्रक्रिया मोठ्या रुग्णालयात होते. तिच्या आधीचे आठवडे आणि नंतरचे महिने माझ्या वाट्याला येतात. त्या बाजूने पाहिल्यावर या प्रश्नाचे जे उत्तर दिसते, ते सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

या शस्त्रक्रियेत पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरून जागा तयार केली जाते, अर्धा ते एक सेंटिमीटरच्या चार-पाच छेदांतून कॅमेरा व उपकरणे आत घातली जातात आणि पडद्यावर पाहत काम केले जाते. मात्र आत जे करायचे असते ते पोट उघडून करताना असते तेवढेच असते. गाठ असलेला आतड्याचा भाग, त्याला रक्त पुरवणारी वाहिनी मुळाशी बांधून, आजूबाजूच्या लिम्फ नोड्ससह (कर्करोग पसरू शकतो अशा लहान ग्रंथींसह) एकसंध काढायचा आणि उरलेली दोन टोके जोडायची. पॅथॉलॉजीच्या अहवालात किमान १२ लिम्फ नोड्स तपासलेले असावेत हा निकष छेद लहान असो वा मोठा, सारखाच लागू होतो. शिवाय काढलेला भाग बाहेर आणण्यासाठी साधारण पाच-सहा सेंटिमीटरचा एक छेद बहुतेक वेळा घ्यावाच लागतो, त्यामुळे पोटावर नुसती टिंबे दिसतील अशी अपेक्षा ठेवणाऱ्या घरच्यांना मी हे आधीच सांगून ठेवते.

भारतात दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची पहिली शस्त्रक्रिया डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात केली, आणि त्यानंतर काही वर्षांतच ती पद्धत गावोगावी पोहोचली. मोठ्या आतड्याच्या बाबतीत तसे झाले नाही. अमेरिकेतून पहिला अहवाल १९९१ मध्येच आला होता, पण पित्ताशय एका जागी असते आणि मोठे आतडे सगळ्या पोटाला वळसा घालून जाते. त्याच्या मुळाशी मोठ्या रक्तवाहिन्या आहेत, शेजारून मूत्रवाहिनी जाते, आणि काढून झाल्यावर पुन्हा जोड द्यावा लागतो. त्यातच नव्वदच्या दशकाच्या पूर्वार्धात एक भीतिदायक गोष्ट समोर आली: उपकरणे घातलेल्या छिद्रांच्या जागीच काही रुग्णांमध्ये कर्करोग पुन्हा उगवला. अनेक शल्यचिकित्सकांनी कर्करोगासाठी ही पद्धत थांबवली आणि मोठ्या चाचण्यांचे निकाल येईपर्यंत वाट पाहिली. वैद्यकशास्त्राच्या या संयमाबद्दल मला मनापासून आदर वाटतो, कारण रुग्णांकडून मागणी असतानाही आधी पुरावा गोळा केला गेला.

तो पुरावा २००४ मध्ये मिळाला. उत्तर अमेरिकेतील ४८ संस्थांमधील ८७२ रुग्णांच्या 'कॉस्ट' चाचणीत तीन वर्षांनंतर कर्करोग उलटण्याचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात १६ टक्के आणि पोट उघडलेल्या गटात १८ टक्के होते, म्हणजे व्यवहारात सारखेच, आणि जखमेच्या जागी रोग परतण्याचे प्रमाण दोन्हीकडे एक टक्क्याहून कमी भरले. रुग्णालयातील मुक्काम मात्र मध्यमानाने सहाऐवजी पाच दिवसांचा झाला आणि वेदनाशामक इंजेक्शनेही एक दिवस कमी लागली. हे आकडे मी घरच्यांना सांगते तेव्हा काहींच्या चेहऱ्यावर निराशा दिसते. एवढाच फरक, असे त्यांना वाटते. पण यात मला मोठी आश्वासक गोष्ट दिसते. आयुष्याचा प्रश्न दोन्ही पद्धतींत सारख्याच ताकदीने सोडवला जातो, आणि दुर्बिणीचा फायदा पहिल्या काही आठवड्यांत मिळतो: खोकताना पोट धरून बसावे लागत नाही, जखमेत पू होण्याचे प्रमाण कमी राहते, माणूस लवकर उठतो. पोट उघडण्याऐवजी दुर्बिणीतच काम संपले, तर पुढे जखमेतून हर्निया होण्याची शक्यताही कमी असते.

गुदाशयाची गोष्ट वेगळी आहे आणि तिथे मी जास्त सावधपणे बोलते. ओटीपोटाच्या अरुंद हाडांच्या पिंजऱ्यात, विशेषतः स्थूल पुरुषाच्या, खालच्या बाजूची गाठ तिच्याभोवतीच्या चरबीच्या आवरणासह अखंड काढणे हे कठीण काम आहे. २०१५ मध्ये युरोपातील 'कलर टू' चाचणीत १,०४४ रुग्णांमध्ये तीन वर्षांनी त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण दोन्ही पद्धतींत पाच टक्के निघाले. त्याच वर्षी अमेरिकेतील आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमधील दोन चाचण्यांत मात्र काढलेला भाग किती अखंड आणि कडेने रोगमुक्त आहे हे तपासले असता दुर्बीण पोट उघडण्याइतकीच चांगली आहे असे सिद्ध होऊ शकले नाही. पुढे त्या रुग्णांच्या दीर्घकालीन निकालांत ठळक तफावत दिसली नाही. शल्यचिकित्सक ज्याचे यांत्रिक हात चालवतो त्या रोबोटबद्दलही पुण्यात आता रोज विचारणा होते. २०१७ च्या 'रोलार' चाचणीत रोबोट वापरताना मध्येच पोट उघडावे लागण्याचे प्रमाण ८.१ टक्के आणि साध्या दुर्बिणीत १२.२ टक्के होते, पण हा फरक योगायोगाच्या पलीकडचा मानता आला नाही. त्यानंतर २०२५ मध्ये चीनमधील एका मोठ्या चाचणीत मधल्या आणि खालच्या गुदाशयासाठी रोबोटच्या गटात त्याच जागी रोग परतण्याचे प्रमाण कमी दिसले. ती शस्त्रक्रिया करणारे हात अतिशय सरावलेले होते, हे त्या निकालासोबत लक्षात ठेवावे लागते. म्हणून यंत्र कोणते आहे यापेक्षा, अशा शस्त्रक्रिया हे डॉक्टर वर्षाला किती करतात, हे विचारायला मी नातेवाइकांना सांगते. हा प्रश्न विचारणे उद्धटपणाचे नाही. चांगले शल्यचिकित्सक त्याचे सरळ उत्तर देतात.

शस्त्रक्रिया दुर्बिणीतून सुरू झाली आणि मध्येच पोट उघडावे लागले, तर घरच्यांना ते काहीतरी बिघडल्याचे लक्षण वाटते. 'कॉस्ट' चाचणीतच दर पाच रुग्णांपैकी साधारण एकाच्या बाबतीत असे करावे लागले होते. गाठ शेजारच्या अवयवाला चिकटलेली असते, जुन्या शस्त्रक्रियेमुळे आतडी एकमेकांत गुंतलेली असतात, रक्तस्राव होतो. अशा वेळी वेळेवर पोट उघडण्याचा निर्णय घेणारा शल्यचिकित्सक रुग्णाच्या हिताचाच विचार करत असतो, आणि हे संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी सर्व घरच्यांना समजलेले असावे.

लवकर बरे होण्याचे सगळे श्रेय दुर्बिणीलाही देता येत नाही. डेन्मार्कमधील हेन्रिक केहलेट यांनी नव्वदच्या दशकात मांडलेली जलद पुनर्प्राप्तीची पद्धत, म्हणजे भुलीच्या दोन तास आधीपर्यंत पाणी पिऊ देणे, नाकातली नळी शक्यतो टाळणे, मॉर्फिनसारखी औषधे कमीत कमी वापरणे आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी चालवणे, हिचा वाटा मोठा आहे. नेदरलँड्समधील २०११ च्या चाचणीत दुर्बीण आणि ही पद्धत एकत्र वापरलेल्या रुग्णांचा मुक्काम सर्वांत कमी होता. आपल्याकडे अडचण येते ती प्रेमापोटी. आजोबा दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात चालू लागले की भेटायला आलेली मावशी म्हणते, "अहो, टाके उसवतील, आडवे व्हा." वारा सरेपर्यंत तोंडात थेंब घालायचा नाही ही समजूतही अजून पक्की आहे. वॉर्डातल्या सिस्टरांनी सांगितलेले घरच्यांनी मोडून काढू नये, एवढे एक पाळले तरी खूप फरक पडतो.

या सगळ्यात मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती आतड्याचा जोड गळण्याची. दुर्बिणीमुळे हा धोका कमी झालेला नाही. जोड जितका गुदद्वाराजवळ तितका तो जास्त. गळती बऱ्याचदा पाचव्या ते आठव्या दिवसाच्या आसपास लक्षात येते, आणि रुग्णाला तर आता चौथ्या-पाचव्या दिवशी घरी सोडतात. म्हणजे जी गुंतागुंत पूर्वी वॉर्डात दिसायची, ती आता घरी, कधी इंदापूर किंवा करमाळ्याकडच्या गावी, रात्री दिसू शकते. अनेक ठिकाणी घरी सोडण्यापूर्वी रक्तातील सीआरपी, म्हणजे दाह किंवा संसर्ग असल्यास वाढणारे प्रथिन, तपासतात; तो आकडा कमी असेल तर बराच दिलासा मिळतो. तरीही बाहेरगावच्या रुग्णांना मी आग्रहाने सांगते की सुटी मिळाल्यावर आठवडाभर पुण्यातच, हडपसरला पुतण्या असेल, वारज्याला मुलगी असेल, तिथे राहावे. ताप, नाडी शंभराच्या वर, पोट फुगणे, दुखणे कमी व्हायच्या ऐवजी वाढणे, किंवा नुसते "आज यांचं काहीतरी बरं नाही" असे घरच्या माणसाला वाटणे, यांपैकी काहीही झाले तर गॅसची गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथेच लगेच जावे.

दुर्बिणीतून झाले की पोटावर मल गोळा करणारी पिशवी लागत नाही, हाही एक गैरसमज आहे. खालच्या जोडाला विश्रांती मिळावी म्हणून लहान आतड्याचे तोंड काही महिने पोटावर काढतात, आणि तो निर्णय जोडाच्या जागेवर व आधी झालेल्या रेडिएशनवर अवलंबून असतो. या रुग्णांना एप्रिल-मे महिन्यांत मी विशेष जपते. पिशवीतून दिवसाला दीड लिटरच्या वर पाणी जाऊ लागले आणि बाहेर चाळीस अंश तापमान असले, तर दोन-तीन दिवसांत मूत्रपिंडावर ताण येऊन रक्तातील क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावल्याची खूण) चढते. पिशवीत किती जमते ते मोजून वहीत लिहिणे आणि नुसत्या पाण्याऐवजी ओआरएस घेणे, हे घरी सहज करता येते.

पिशवी बंद झाल्यानंतरचा काळ तर कुणी सांगतच नाही. गुदाशय काढल्यावर मल साठवण्याची जागाच उरत नाही. दिवसातून सहा-आठ वेळा जावे लागणे, एकदा जाऊन आल्यावर अर्ध्या तासात पुन्हा जाणे, घाई थोपवता न येणे, हे महिनोन्महिने चालू शकते, आणि छेद किती लहान होता याने त्यात फरक पडत नाही. पहाटे तळजाईला फिरायला जाणारे गृहस्थ घराबाहेर पडेनासे होतात, लग्नाच्या पंगतीला बसत नाहीत, आणि जखम भरली, रिपोर्ट चांगला आला म्हणून सगळे अभिनंदन करत असल्यामुळे तक्रारही करत नाहीत. लघवी अडणे किंवा लैंगिक अडचण हे तर ओठांवरही येत नाही. ओटीपोटातील नसा दुखावल्याने ते होऊ शकते. म्हणून तपासणीला आल्यावर मी हे स्वतःहून विचारते, शक्यतो मुलगा-सून बाहेर बसलेले असताना. इसबगोल, जुलाब आवरणाऱ्या लोपेरामाइडची योग्य मात्रा, जेवणाच्या वेळा बदलणे आणि ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम यांनी बऱ्याच जणांना आराम पडतो. सुधारणा पहिल्या वर्षात सर्वाधिक होते, काहींना त्याहून जास्त वेळ लागतो. शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्यापूर्वीच शल्यचिकित्सकांनी हे रुग्णाला सांगितले असेल, तर तो त्या वर्षाला अधिक धीराने सामोरा जातो, असे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.