गेली की नाही?

मंगळवार, रात्री पावणेबारा

आजचे साडेतीन तास एका प्रश्नचिन्हानं खाल्ले. रेल्स या वेब-फ्रेमवर्कमध्ये 'रेकॉर्ड उडवलाय का' असं विचारणाऱ्या 'डिस्ट्रॉइड?' या मेथडच्या शेपटीला असतं, ते.

टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का हे तपासणारा कोड, साधी होती. ऑर्डर तयार करायची, तिचा आयडी सर्व्हिसला द्यायचा, सर्व्हिसनं ती उडवायची आणि मग मी ऑर्डरलाच विचारायचं, डिस्ट्रॉइड? उत्तर 'नाही'. टेस्ट लाल, म्हणजे नापास. लॉगमध्ये तर डिलीटची क्वेरी ढळढळीत दिसत होती. मग मी ट्रान्झॅक्शन रोलबॅक होतंय का, म्हणजे डेटाबेसमधला बदल मागे घेतला जातोय का ते पाहिलं, टेस्ट भलत्याच डेटाबेसवर चालतेय का तेही पाहिलं. आधीची उत्तरं साठवून ठेवणाऱ्या कॅशवरही संशय घेऊन झाला. माझ्याकडे कॅश हा कायमचा संशयित आहे, गुन्हा कुठलाही असो.

शेवटी दोन्हीकडच्या ऑर्डरचे ऑब्जेक्ट आयडी, म्हणजे मेमरीतल्या ऑब्जेक्टची ओळख, छापले. वेगळे निघाले.

सर्व्हिस त्या ऑर्डरच्या आयडीवरून आपली ऑर्डर नव्यानं शोधून काढते आणि तिच्यावर डिस्ट्रॉय चालवते. माझ्या हातातली ऑर्डर म्हणजे टेबलातल्या त्याच ओळीवरून बनलेलं दुसरं ऑब्जेक्ट. टेबलात काय घडलं हे त्याच्या गावीही नाही. डिस्ट्रॉइड? डेटाबेसपर्यंत जातच नाही. या ऑब्जेक्टवर डिस्ट्रॉय किंवा डिलीट चाललं होतं का, एवढंच ते स्वतःच्या पोटातला फ्लॅग, म्हणजे हो-नाहीची खूण, बघून सांगतं. ओळ खरंच गेली का हे हवं असेल तर एक्झिस्ट्स? ला आयडी देऊन विचारायचं, नाहीतर रीलोड करून रेकॉर्डनॉटफाउंड हा एरर येतो का बघायचं. मी एक्झिस्ट्स? घातलं. टेस्ट हिरवी.

इथं लॅपटॉप मिटायला हरकत नव्हती, पण खाज. कन्सोलवर एकच रेकॉर्ड दोन व्हेरिएबलमध्ये घेतला. पहिल्यावरून उडवला, मग दुसऱ्यावरही डिस्ट्रॉय चालवलं. एरर नाही. दुसऱ्या क्वेरीला उडवायला एकही ओळ सापडली नाही, आणि एसक्यूएलच्या लेखी ती चूकही नाही. तरी दुसरं ऑब्जेक्ट छाती पुढे काढून म्हणतंय, हो, डिस्ट्रॉइड! (टेबलात लॉक_व्हर्जन कॉलम, म्हणजे ओळ मध्येच बदलली का हे ओळखायचा आकडा, असता तर स्टेलऑब्जेक्टएरर आला असता. आमच्याकडे नाही.)

मग वापरणाऱ्याच्या विनंत्या हाताळणारा कंट्रोलर उघडला आणि झोपच उडाली. तिथं डिस्ट्रॉय केल्यावर कसलीही चौकशी न करता संदेश जातो, 'ऑर्डर काढून टाकली.' पण पैसे भरलेली ऑर्डर उडू नये म्हणून मॉडेलमध्ये बिफोर_डिस्ट्रॉय, म्हणजे उडवण्याआधीची तपासणी आहे आणि त्यात उडवणं थांबवणारं थ्रो अबॉर्ट. तो लागला की डिस्ट्रॉय गुपचूप फॉल्स परत करतं, ओळ जागच्या जागी राहते. आम्ही मात्र माणसाला सांगून मोकळे, की गेली. संदेशाची ही कोडमधली ओळ कोणाची म्हणून गिट ब्लेम केलं. माझीच.

आता तिथं डिस्ट्रॉयचं उत्तर बघणारा इफ घातलाय आणि संदेशही दोन केलेत. गंमत म्हणजे इथं डिस्ट्रॉइड? चालून गेलं असतं, कारण ऑब्जेक्ट तेच आहे. दुपारभर शिव्या दिल्या त्याला, त्यामुळे वापरायला जीव झाला नाही.

बाकीच्या कोडमध्येही उत्तर न तपासता केलेलं डिस्ट्रॉय शोधलं. अकरा जागा. उद्या.