सरकता दांडा

वाळूचा दांडा नकाशात काढणाऱ्याची मला दया येते. शाई वाळेपर्यंत तो जागचा हललेला असायचा.

तसं त्याचं गणित साधं आहे. पाण्याला ओढ असते तोवर ते वाळू वाहून नेतं, ओढ कमी झाली की ओझं खाली टाकतं. आधी जड, मग हलकं. म्हणून नदीतल्या दांड्याच्या वरच्या टोकाला बहुधा गोटे सापडतात आणि शेपटाकडे मऊ वाळू. उन्हाळ्यात पाणी घोट्याइतकं उरलं की हा उद्योग उभ्या उभ्या बघता येतो. नितळ पाण्याखाली वाळूचे कण चढावरून लोळत येतात, माथ्यावर जरा अडखळतात आणि पुढच्या उतारावरून घसरतात. लगेच मागचे येतात. मागून झिजायचं नि पुढे भरायचं, असा तो चालतो. गेल्या वर्षीचा दांडा यंदाही दिसला, तरी वाळू तीच असेल असं नाही.

समुद्रात हे काम लाटांचं. वादळी लाटा पुळणीची वाळू आत ओढून नेतात आणि पाण्याखाली तिचा दांडा घालतात. समुद्र निवला की वाळू हळूहळू परत येते. तोवर मोठ्या लाटा दांड्यावरच फुटतात, किनाऱ्याचा मार तो खातो. पण त्याला मधेच खिंडार असतं आणि किनाऱ्याकडे आलेलं पाणी तिथूनच जोरात परत फिरतं. तिथे लाटा फारशा फुटत नाहीत, फेसही कमी. पोहायला उतरणाऱ्याला नेमकी तीच जागा निवांत वाटते! पाण्यात शिरण्याआधी लाटा कुठे फुटत नाहीत ते बघा, असं मी भेटेल त्याला सांगतो. ऐकतं कोण?

जहाजवाल्यांचं तर दांड्याशी जुनं वैर. इंग्लंडच्या केंट किनाऱ्यासमोर गुडविन सँड्स नावाचे वाळूचे दांडे आहेत. १७०३ च्या वादळात तिथे आरमाराची चार जहाजं बुडाली. आणि त्याच वाळूवर १८२४ मध्ये, ओहोटीला, लोक चक्क क्रिकेट खेळले. भरती हाच पंच असलेला सामना बघायला मला आवडलं असतं.

पाणचिऱ्याला मात्र दांडाच लागतो. खालची चोच वरच्या चोचीपेक्षा लांब असलेला हा पक्षी चंबळेच्या पात्रात उघड्या पडलेल्या वाळूवर उथळ खळगा करून अंडी घालतो. चहूकडे पाणी असेल तोवर ठीक. ते फार ओसरलं की दांडा काठाला जुळतो आणि कुत्री, कोल्हे चालत घरट्यापर्यंत येतात. वरच्या धरणातून एकदम पाणी सोडलं, तर अंडी वाहून जातात. ऐन उन्हाळ्यात, पिल्लं उडती होईपर्यंत, पाण्याने फार चढूही नये आणि फार उतरूही नये, एवढीच त्याची गरज.