एअर हँडलिंग युनिटच्या व्यवसायातील आमची वाटचाल

आमच्या कारखान्याची सुरुवात डक्टच्या, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळांच्या, कामापासून झाली. शिअरिंग मशीन, प्रेस ब्रेक आणि डक्टच्या शिवणी घालणारे लॉक फॉर्मिंग मशीन एवढ्या सामग्रीवर आम्ही दोघा भागीदारांनी काम उभे केले. दुसऱ्यांच्या एअर हँडलिंग युनिटना, म्हणजे इमारतीतली हवा गाळून व थंड करून खेळवणाऱ्या यंत्रांना, डक्ट जोडता जोडता ती युनिट कुठे गळतात, कुठे त्यांना घाम सुटतो आणि कुठे ती थरथरतात हे आम्हाला इतके पाठ झाले, की स्वतःचे मॉड्युलर युनिट बनवण्याचा निर्णय घेणे अवघड गेले नाही. पहिली युनिट २५ मिलिमीटर जाडीच्या पॅनेलची होती. पुढे ५० मिलिमीटर पॅनेल आणि थर्मल ब्रेक, म्हणजे आतली थंडी बाहेरच्या धातूपर्यंत पोचू न देणारा तुकडा, असलेली ॲल्युमिनियम प्रोफाइल वापरू लागलो. बाहेर ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असताना दवबिंदू २६ अंशांच्या आसपास असतो. अशा हवेत साध्या प्रोफाइलच्या फ्रेमवर पाण्याचे थेंब धरतात, आणि ते आम्हाला आमच्या युनिटवर नको होते.

माझ्या भागीदारांचा सगळा जीव फोमिंग प्रेसमध्ये होता. पॉलियुरेथेन फोम फुगताना पत्र्यावर आतून चांगलाच दाब देतो. पॅनेल पुरेसा वेळ प्रेसमध्ये आवळून ठेवले नाही तर ते मधोमध फुगते, फुगलेले पॅनेल गॅस्केटवर सपाट बसत नाही, आणि मग वरून कितीही सिलिकॉन भरले तरी हवा वाट काढतेच. माल गाडीत चढवण्याची घाई असली तरी त्यांनी प्रेस कधी वेळेआधी उघडू दिला नाही. फ्रेम जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजून ते जुळल्याशिवाय पहिले पॅनेल लावायचे नाही, हा नियमही त्यांचाच, आणि आमच्याकडे नवीन आलेला मुलगा आजही टेप हातात धरूनच काम शिकतो.

त्यानंतरची बरीच वर्षे नियमित कामाची गेली. ज्या प्रसंगाने कारखाना बंद पडण्याची वेळ आली तो मात्र सविस्तर लिहिला पाहिजे, कारण त्याची अर्धवट हकिगत आजही बाजारात सांगितली जाते.

एका मोठ्या व्यापारी इमारतीसाठी आम्ही ड्रॉ-थ्रू प्रकारची, म्हणजे हवा थंड करणाऱ्या कॉइलनंतर पंखा असलेली आणि कॉइलमधून हवा ओढून घेणारी युनिट दिली होती. कमिशनिंगच्या, म्हणजे युनिट पहिल्यांदा चालवून तपासण्याच्या, वेळी सगळे व्यवस्थित चालले आणि ड्रेनमधून पाणीही नीट गेले. काही महिन्यांनी प्लांट रूमखालच्या मजल्यावर छतातून पाणी ठिबकू लागले. युनिट उघडले तेव्हा कॉइलवरून ठिबकणारे पाणी झेलणारे ड्रेन पॅन काठोकाठ भरलेले होते आणि पंख्याच्या सेक्शनपर्यंत तुषार पोचले होते. मुख्य कंत्राटदाराने चौकशी न करताच लेखी ठपका ठेवला की पॅनला उतार नाही आणि कॉइल निकृष्ट आहे. आमचे अंतिम बिल अडवले गेले. आमच्याहून कितीतरी मोठ्या एका प्रतिस्पर्ध्याने त्या पत्राची प्रत सल्लागारांच्या कचेऱ्यांतून फिरवली. हातातल्या ऑर्डरी रद्द झाल्या, पत्र्याच्या पुरवठादाराने उधारी बंद केली आणि कामगारांचे पगार लांबू लागले.

दोष ट्रॅपचा, म्हणजे ड्रेनला जोडलेल्या, पाणी धरून ठेवणाऱ्या यू आकाराच्या नळीचा होता. कॉइलच्या सेक्शनमध्ये ७५० पास्कलची ओढ असेल तर ती सुमारे ७५ मिलिमीटर पाण्याचा स्तंभ वर खेचते, आणि ट्रॅपची उंची त्याहून जास्त नसेल तर बाहेरची हवा ड्रेनमधून आत शिरते व पॅनमधले पाणी अडून राहते. आमच्या ड्रॉइंगमध्ये दाखवलेली प्लिंथची, म्हणजे युनिटखालच्या ओट्याची, उंची कंत्राटदाराने कमी केली होती, आणि खाली जागा उरली नाही म्हणून ट्रॅप तोकडा केला होता. फिल्टर नवे होते तोवर ओढ कमी होती, त्यामुळे काही दिसले नाही. फिल्टर धुळीने भरत गेले तसा हवेचे प्रमाण कायम राखण्यासाठी व्हीएफडीने, म्हणजे मोटरचा वेग बदलणाऱ्या उपकरणाने, पंख्याचा वेग वाढवला, ओढ वाढली आणि पाणी अडले.

हे आम्ही पत्रांतून पुन्हा पुन्हा लिहिले, पण कोणी वाचायला तयार नव्हते. त्या वेळी आमच्या पाठीशी उभे राहिले ते एका औषधनिर्मिती कारखान्याच्या युटिलिटी विभागाचे प्रमुख. आमची सुरुवातीची युनिट त्यांच्याकडे चालत होती. उत्पादन बंद असलेल्या दिवशी त्यांनी सल्लागारांना आपल्या प्लांट रूममध्ये बोलावले आणि आम्हाला एका युनिटला पारदर्शक नळीचा तोकडा ट्रॅप जोडू दिला. पॅनमध्ये पाणी सोडून आम्ही फिल्टरचा दर्शनी भाग पुठ्ठ्याने थोडा थोडा झाकत गेलो. नळीतले पाणी युनिटच्या बाजूला वर चढत गेले, दुसरी बाजू रिकामी झाली, खालच्या वळणातून बुडबुडे सुटले आणि पॅन भरू लागले. मग खोल ट्रॅप जोडला, आणि पुठ्ठा तसाच असताना पाणी मुकाट्याने वाहून गेले. साहेबांनी त्यावर भाषण केले नाही. त्यांनी पुढच्या ऑर्डरीबरोबर आगाऊ रक्कम दिली आणि त्या रकमेवर आमचा कारखाना पुन्हा सुरळीत झाला.

कंत्राटदाराने पुढे गाजावाजा न करता ट्रॅप दुरुस्त केले आणि आमचे बिल काटछाट करून दिले, पण ते पत्र कधीच मागे घेतले नाही. त्या प्रतिस्पर्ध्यानेही आपले शब्द मागे घेतले नाहीत, आणि आम्ही प्रत्येक ड्रॉइंगसोबत देऊ लागलेले ट्रॅपच्या उंचीचे कोष्टक आज त्यांच्या माहितीपत्रकात जसेच्या तसे छापलेले आहे. याचे वाईट वाटते आणि वाटत राहील.

युनिट विकत घेणाऱ्यांना माझे सांगणे आहे की नुसता ‘एल २’ हा गळतीच्या वर्गाचा शेरा पाहून समाधान मानू नका. ईएन १८८६ या मानकानुसार उणे ४०० पास्कलला या वर्गात प्रति चौरस मीटर ०.४४ लिटर प्रति सेकंद इतकी गळती चालते. ती चाचणी मॉडेल बॉक्सवर झाली की प्रत्यक्ष युनिटवर, हे अक्षर पाहून तपासा. ‘एम’ म्हणजे मॉडेल आणि ‘आर’ म्हणजे खरे युनिट. कोटेशन फार स्वस्त वाटले तर कॉइलवरचा हवेचा वेग विचारा. तो २.५ मीटर प्रति सेकंदाच्या बराच वर असेल तर युनिट लहान करून पैसे वाचवलेले असतात, आणि कॉइलवरचे पाणी उडून पुढे जाण्याची भीती राहते.

ट्रॅप आता आम्ही स्वतः बनवून युनिटबरोबरच पाठवतो आणि प्लिंथची उंची मोजल्याशिवाय युनिट उतरवू देत नाही. कॉइलवर पाणी धरत नाही अशा कोरड्या दिवसांत ट्रॅप सुकतो, म्हणून युनिट पुन्हा सुरू करण्यापूर्वी त्यात पाणी भरावे, अशी सूचना आम्ही ड्रेनच्या तोंडाशीच पत्र्यावर कोरून लावतो.